घडी न बसणारा पत्रा

एका राज्यात एकाच सिंहासनाला दोन वारस होते. राजकन्या मेघवती आणि तिचा जुळा भाऊ रत्नसेन. चेहरे अगदी सारखे, फक्त हसताना रत्नसेनाच्या डाव्याच गालाला खळी पडे. त्या घरची रीत अशी, की ताटात वडी एकच उरली तर ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापायची. दोघांना सारखा वाटा मिळे, रुसायला जागा नसे.

एकदा रत्नसेनाला दुर्बुद्धी सुचली. एका मांत्रिकाच्या गुहेतल्या शापित खजिन्याला त्याने हात लावला आणि गुडघ्यांपर्यंत तो दगड झाला.

मेघवती धावत आली. खजिन्यावर पहाऱ्याला बसलेली साळुंकी म्हणाली, “राजकन्ये, हे सोन्याचे तीन पत्रे. कोणत्या रेघेवर दुमडला असता पत्रा स्वतःवर तंतोतंत बसतो, ते दाखव. तिन्ही बरोबर सांगितलेस तर शाप सुटेल, चुकलीस तर दगड वर चढेल.”

पहिला पत्रा चौरस. तिने सवयीने कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ ओढली. पत्रा आपोआप दुमडला, कडेला कड भिडली. एवढंच ना, असं तिला वाटलं.

दुसरा पत्रा लांबट आयत. तिने तश्शीच रेघ ओढली. पत्रा दुमडला, पण दोन्हीकडे कोपरे बाहेर डोकावले. दगड रत्नसेनाच्या गळ्यापर्यंत चढला.

“दोन्ही भाग सारखेच आहेत की!” मेघवती गोंधळून म्हणाली.

“सारखे आहेत. एकमेकांवर बसत नाहीत,” साळुंकी म्हणाली.

राजकन्येच्या डोक्याचा पार भुगा झाला. तिच्या घरी ह्याच रेघेने आजवर न्याय झाला होता. अखेर तिने बरोबर मधोमध उभी रेघ ओढली. घडी बसली.

तिसरा पत्रा म्हणजे कुणीतरी ढकलून तिरका केलेला आयत. समोरासमोरच्या बाजू सारख्या, पण कोपरे कललेले. मनातल्या मनात तिने उभी रेघ ओढली, आडवी ओढली, तिरप्या ओढल्या. दर वेळी एखादा कोपरा बाहेरच राही. आता चुकली तर भाऊ कायमचा जाणार होता. तिला रडू कोसळलं.

“मेघे, रडू नकोस,” रत्नसेन म्हणाला आणि तिला धीर यावा म्हणून हसला. डाव्या गालाला खळी पडली, उजव्याला नाही.

ती बघतच राहिली. ह्या हसऱ्या चेहऱ्याचीही घडी कुठे बसत होती? म्हणून त्यात काही उणं होतं का?

तिने पत्रा तसाच खाली ठेवला. “हा कुठल्याच रेघेवर बसत नाही,” ती म्हणाली.

“खरं आहे,” साळुंकी म्हणाली आणि उडून गेली. दगड ओसरला, शाप सरला, सिंहासनाला दोन्ही वारस परत मिळाले.

त्या संध्याकाळी ताटात वडी एकच उरली. सेवकाने सुरी पुढे केली. मेघवतीने ती बाजूला सारली, वडी हातानेच वेडीवाकडी मोडली आणि मोठा तुकडा भावाला दिला. रत्नसेन हसला. खळी एकाच गालाला पडली आणि मेघवती जेवण विसरून तिच्याकडे बघत बसली.