सायत्राबाईची बोडी

फार वर्षं झाली त्याला. झाडीपट्टीत तेव्हा उसाचे चरक बैल फिरवायचे. पळसटोली गावात सायत्राबाई नावाची, ऊस पिकवणाऱ्या कोहळी समाजातली बाई होती. तिच्या घरचा गूळ लांबलांबच्या बाजारात जायचा.

तिचा नवरा लघवीला बसे तिथं मुंग्या लागत. खातापिता माणूस त्या गोड लघवीच्या आजारानं वाळत वाळत मेला. पुढं एके सकाळी सायत्राबाईला आपल्याच न्हाणीत मुंग्यांची रांग दिसली.

आजारानं धरायच्या आधी तिला धास्तीनंच धरलं. छाती धडधडायची, तळव्यांना घाम फुटायचा. दाराची कडी वाजली तरी ती दचकायची. लेक फगुनीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि आई खाट सोडेना. शेवटी फगुनीच रानातल्या डोमा वैदूला घेऊन आली.

डोमानं गुडमारीचा पाला चघळायला दिला. त्यावर तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला, तर तो मातीसारखा लागला. छातीसाठी ब्राह्मीचा रस दिला. मग म्हणाला, "माय, बसल्या अंगातून धास्ती निघत नाही. उद्यापासून खणाले लाग."

"काय खणू?"

"गावाच्या उगवतीले मुरमाड पडलं आहे, ते. छाती धडधडली का कुदळ उचल."

"अन् खणता खणता मेली तं?"

"तं उभी मरशील, माय. खाटेवर नाही."

दुसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन गेली. लोक हसले, बाई खुळावली म्हणाले. ती खणत राहिली. दुपारी धास्ती यायची, तेव्हा तिचे घाव जोरात पडायचे. हळूहळू जेवण अंगी लागलं, झोप येऊ लागली. फगुनीच्या लग्नात ती पाहुण्यांना वाढत उभी होती. हळद उतरली तशी पुन्हा मुरमावर गेली. मग जिचं मूल गेलं ती आली, ज्याला रानात वाघ दिसला होता तो आला. सगळे तिच्या शेजारी खणू लागले. असं म्हणतात, तिच्या कुदळीखाली मुरूम लोण्यासारखा फुटायचा.

खड्ड्याची बोडी, म्हणजे लहान तळं, झाली, बोडीला मातीची पाळ आली. पहिल्याच पावसाळ्यात बोडी तुडुंब भरली आणि भरदुपारी पाळ फुटू लागली. खाली सगळं गाव. माणसं पळाली. कडीच्या आवाजाला दचकणारी सायत्राबाई तेवढी पुढं झाली आणि भगदाडाला पाठ लावून बसली.

"माय, ऊठ!" फगुनी ओरडली.

"मी बसली आहे. तू माती आण."

तेव्हा पळालेले परतले. असं म्हणतात, पाणी तिच्या गळ्यापर्यंत चढलं आणि माती येईतो तिथंच थांबून राहिलं.

तिचा आजार काही गेला नाही. गूळ तिनं पुन्हा तोंडाला लावला नाही, पाला मरेपर्यंत चघळला. पण फगुनीची नातवंडं खेळवून, पिकल्या केसांनी, पाळीवरून चालतानाच ती गेली. त्या दिवशी मुंग्यांनी तिची वाट ओलांडली नाही, असं म्हणतात.

पळसटोलीत आजही वैशाखात बोडीतला गाळ काढतात. पहिली टोपली पाटलाची नसते, पुजाऱ्याचीही नसते. ज्याच्या मनात धास्ती असेल त्यानं पुढं व्हायचं. कशाची धास्ती, हे कुणी विचारत नाही. दोघं जण टोपली उचलतात, त्याच्या डोक्यावर देतात आणि पाळीपर्यंत त्याच्या सोबत चालतात.