माणसं तोललेला वड

ही फांदीत रुतलेली साखळी बघा. झाडाने गिळत आणली आहे, तरी चार कड्या अजून बाहेर आहेत. आमच्या गावाची माणसं हिच्यावर तोलली गेली, असं सांगतात.

फार पूर्वी तीन वर्षं पाऊस नव्हता म्हणे. गावाच्या पेवात थोडा जोंधळा उरला होता. तो वाटायचा कसा, यावरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा सटवाजी मापारी पुढे झाला. पंचक्रोशीतली धान्याची मापं तोच करी. त्याच्या तोलावर कधी कुणी शंका घेतली नव्हती. तो म्हणाला, मोठ्या देहाला जास्त लागतं, लहानाला कमी. दर आठवड्याला या वडाला तागडी टांगून माणूस तोला आणि दर दहा शेरी धोंड्यामागे पसाभर जोंधळा द्या. सगळ्यांना पटलं. शहाणपणाचं वाटलं ना तुम्हालाही?

मग जो वाळला त्याचा वाटा घटला, आणि वाटा घटला म्हणून तो आणखी वाळला. भरल्या अंगाचा पाटील मात्र होता तसाच राहिला.

सटवाजीची ठकी तीन वर्षांची. पहिल्या आठवड्यात ती पारड्यात बसताच समोरचा दहा शेरी धोंडा वर उचलला गेला. पुढे तो जेमतेम हलू लागला. तिची आई भिवरा आपल्या वाट्यातलं तिला भरवी, तर भिवराचाही तोल घटला. शेवटी धोंडा जागचा हलेना, म्हणजे पसाभरही वाटा नाही.

भिवरा रडत म्हणाली, "धनी, पारड्याला नुसतं बोट लावा. कोन बगतंय?"

"बोट लावलं तर मी मापारी कसला?" सटवाजी म्हणाला, आणि त्याने पोरीला रिकाम्या हाताने खाली उतरवलं.

तिसऱ्या दिवशी ठकी गेली. त्यानंतर सटवाजी स्वतः पारड्यात बसला नाही. तोल नाही तर दाणा नाही, हा नियम त्याचाच. तो इथेच मुळांवर पडून मेला, असं म्हणतात.

आजही आमच्याकडे माणसाला तोलत नाहीत. अंगणवाडीच्या ताई काटा घेऊन येतात. हलक्या पोराला जादा आहार मिळतो, हे घसा कोरडा होईपर्यंत सांगतात. आया ऐकून घेतात आणि दारं लावतात. मी चार बुकं शिकलेला, मला ताईंचं पटतं. पण दोन वर्षांमागे माझी नात अशीच वाळत गेली, आणि तिला त्या काट्यावर ठेवायला माझे हात उठले नाहीत.