धुरांड्यातला डोळा

सन १९९१च्या भाद्रपदात, पावसाळा सरत असताना, एका चुन्याच्या कारखान्यातील धुरांड्यात धूळ मोजणारा काचेचा डोळा राहत होता. तो धुरातली धूळ अडवणाऱ्या कापडी गाळणपिशवीला म्हणाला, "बाई, धूळ वाढली आहे. तू कोठेतरी फाटली असावीस."

"माझी शिवण शाबूत आहे. साहेबांनी स्वतःची नजर तपासावी."

"माझी? मला तर इतरांवर नजर ठेवण्यासाठीच नेमले आहे."

त्याच्या शब्दावर पिशवी काढून टाकण्याचे ठरले. धूर ओढणारा पंखाही तिच्याकडे संशयाने पाहू लागला.

पुढे खंडेनवमीच्या पूजेसाठी भट्टी विझली. पंख्याने उरलासुरला धूर बाहेर लोटला.

पिशवीने विचारले, "साहेब, आता धूळ किती?"

"तेवढीच," डोळा म्हणाला, आणि धूर नसलेल्या धुरांड्यात पुन्हा निरखून पाहू लागला.

त्या आश्विन शुद्ध नवमीस हळदकुंकू सर्वांनाच लागले. ओले फडके मात्र प्रथम डोळ्याच्या काचेवरून फिरले, आणि पिशवी आपल्या जागी राहिली.