भित्र्या ट्रायपॉडचा आकडा

फार वर्षांपूर्वी, वस्तू आपसात बोलत तेव्हाची गोष्ट. यमुताई घरत डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, रानफुलांचे फोटो काढायच्या. एकदा त्या कॅमेऱ्याला घेऊन ट्रायपॉड आणायला दुकानात गेल्या.

लोखंडी ट्रायपॉड गुरगुरला, "वादळ आलं तरी मी हलायचा नाही." पण त्याला उचलतानाच यमुताईंना घाम फुटला. चकचकीत, उंच ट्रायपॉड कॅमेऱ्याला म्हणाला, "तुला सगळ्यांच्या डोक्यावरून दाखवीन!" कॅमेरा हुरळून गेला, पण किंमत ऐकून यमुताईंनी हात मागे घेतला. कोपऱ्यातला हलका, बुटका ट्रायपॉड म्हणाला, "मला बुवा वाऱ्याची भीती वाटते. म्हणून तर पोटाखाली हा आकडा बाळगलाय." यमुताईंनी आकडा ओढून पाहिला आणि तोच घेतला.

"आता भित्र्याच्या डोक्यावर बसायचं!" कॅमेरा वाटभर कुरकुरला.

सड्यावर वारा सुटला. बुटका थरथरू लागला तसा वरचा कॅमेराही डोलू लागला. यमुताईंनी भाकरीची पिशवी आकड्याला अडकवली मात्र, तिन्ही पाय जमिनीला घट्ट चिकटले. फुलाची पाकळीन् पाकळी टिपली गेली.

"आणि ताई जेवल्यावर रे?" कॅमेऱ्याने हळूच विचारलं.

"सड्यावर दगडांना काय तोटा?"

खरंच, जेवण झाल्यावर यमुताईंनी रिकाम्या पिशवीत चार दगड भरले. संध्याकाळी ते तिथेच ओतून, हलका ट्रायपॉड खांद्यावर टाकून त्या गुणगुणत उतरू लागल्या.

कॅमेऱ्याने मागे वळून दगडांना हाक मारली, "उद्या इथेच असा हं!"