तळाचे दाणे

आम्ही भुसार व्यापारी, दिसेल त्याचा भाव ठरवायची खोड. सूनबाई शलाका एक मालिका आवडीनं बघायची. त्यातले उडणारे महाबली चारचौघांत लोकांना वाचवतात आणि पाठीमागे मुडदे पाडतात. मी दहा मिनिटं बघून निकाल दिला, "माल सडका आहे. उद्यापासून घरात बंद."

शलाका म्हणाली, "मामा, गहू घेताना पोत्याचे वरचेच दाणे बघता का?"

"छे, कोपरापर्यंत हात घालून तळाचे काढतो."

"मग हीपण शेवटपर्यंत बघा आणि खुशाल बंद करा."

नियम माझाच होता. बसलो बघायला. आता तिसरा सीझन चालू आहे. मत बदललेलं नाही, मालिका सडकीच आहे. काल शलाकानं जेवायला हाक मारली, तर मी म्हणालो, "थांब गं, महाबली आमदाराला आत्ता कुठे गच्चीवरून फेकतोय."