चिटूकचा हरभरा आणि बाळाचं नाव

शेवग्याच्या झाडावर एक खार राहायची. इवलीशी खार. पाठीवर पट्टे आणि शेपूट अंगापेक्षा मोठं. तिचं नाव होतं चिटूक.

एकदा चिटूकला शेताच्या बांधावर एक हरभरा सापडला. गोल गोल हरभरा. टणक टणक हरभरा. तो तोंडात धरून ती निघाली. टुणूक टुणूक. टुणूक टुणूक. गोदाकाकूच्या ओट्यावर येऊन बसली. हरभरा खाली ठेवला. जरा दम खाल्ला.

तिथेच चुकलं.

हरभरा निघाला. गडगड, गडगड. ओट्यावर काकूचं पातेलं होतं. पातेल्यात भिजलेले हरभरे होते. चिटूकचा हरभरा त्यात पडला. डुबुक.

काकूला काही दिसलं नाही. तिने पातेलं उचललं. शेगडीवर चढवलं. वर झाकण ठेवलं. धप्प. रटरट, रटरट हरभरे शिजायला लागले.

चिटूक रडली नाही. खारी रडत बसत नाहीत. तिने शेपूट उभं केलं आणि म्हणाली, "माझा हरभरा मी आणला. माझा हरभरा मी घेणार."

टुणूक टुणूक, टुणूक टुणूक. चिटूक गेली काकूकडे.

"काकू काकू, झाकण काढ. माझा हरभरा दे."

काकू म्हणाली, "त्याच्या आता घुगऱ्या झाल्या, बाई. आज आमच्या बाळाचं बारसं. आधी नाव, मग घुगऱ्या. आत्या नाव ठेवेल, तर मी झाकण काढेन."

"बरं," चिटूक म्हणाली. "आत्याला सांगते."

टुणूक टुणूक, टुणूक टुणूक. चिटूक गेली आत्याकडे. बाळाच्या आत्याचं नाव शकूआत्या. नाव ठेवायचा मान तिचा. नवी साडी नेसून, पदराने वारा घेत, ती पाळण्यापाशी बसली होती.

"आत्या आत्या, नाव ठेव.
काकू झाकण काढेना,
माझा हरभरा मिळेना."

आत्या म्हणाली, "ठेवते की. पण बाळ बघ कसं रडतंय. रडत्या बाळाच्या कानात नाव शिरतं का? बाळ थांबेल, तर मी नाव ठेवेन."

"पण नाव ठरलंय ना?" चिटूकने विचारलं.

आत्या खोकली. "न ठरायला काय झालं?"

खरं सांगू? आत्याला नाव सुचलंच नव्हतं. एक शेजारीण म्हणायची हे ठेव, दुसरी म्हणायची ते ठेव. आत्याला एकही पटेना. बाळ रडत होतं, ते तिच्या पथ्यावरच पडलं होतं.

"बरं," चिटूक म्हणाली. "बाळाला सांगते."

टुणूक टुणूक, टुणूक टुणूक. चिटूक चढली पाळण्याच्या दोरीवर. आत बाळ होतं. लालबुंद झालं होतं. ट्यँहॅ, ट्यँहॅ.

"बाळा बाळा, रडू नको.
आत्या नाव ठेवेना,
काकू झाकण काढेना,
माझा हरभरा मिळेना."

बाळाने मुठी वळल्या. पाय झाडले. "ट्यँहॅ, ट्यँहॅ. मला उकडतंय. खिडकी उघडेल, तर मी थांबेन."

बाळाला बोलता येत नव्हतं. पण खारींना बाळांचं रडणं कळतं.

"बरं," चिटूक म्हणाली. "खिडकीला सांगते."

टुणूक टुणूक, टुणूक टुणूक. चिटूक गेली खिडकीकडे.

"खिडकी खिडकी, उघड ना.
बाळ काही थांबेना,
आत्या नाव ठेवेना,
काकू झाकण काढेना,
माझा हरभरा मिळेना."

खिडकी म्हणाली, "कर्र कर्र. उघडू कशी? शेवग्याने बाहेरून फांदी टेकवलीय. शेवगा हलेल, तर मी उघडेन."

"बरं," चिटूक म्हणाली. "शेवग्याला सांगते. तो तर आमच्या घरचाच."

टुणूक टुणूक, टुणूक टुणूक. चिटूक गेली शेवग्याकडे.

"शेवग्या शेवग्या, हल ना रे.
खिडकी काही उघडेना,
बाळ काही थांबेना,
आत्या नाव ठेवेना,
काकू झाकण काढेना,
माझा हरभरा मिळेना."

शेवगा म्हणाला, "अंगभर शेंगा लागल्यात ग. आपला आपण कसा हलू? वारा येईल, तर मी हलेन."

चिटूकला जरा रागच आला. घरचं झाड, आणि तेही ऐकेना. पण शेपूट काही तिने खाली केलं नाही.

"बरं," चिटूक म्हणाली. "वाऱ्याला सांगते."

टुणूक टुणूक, टुणूक टुणूक. चिटूक गेली टेकडीवर. तिथे वारा बसला होता. थोरला वारा. घूं घूं करत होता.

"वाऱ्या वाऱ्या, ये ना रे.
शेवगा काही हलेना,
खिडकी काही उघडेना,
बाळ काही थांबेना,
आत्या नाव ठेवेना,
काकू झाकण काढेना,
माझा हरभरा मिळेना."

वारा म्हणाला, "घूं घूं. मी आलो, तर कौलं उडतील. पाळणा गरगर फिरेल. एवढ्याशा बाळाकडे मी नको. माझी धाकटी बहीण आहे. केळीच्या पानामागे झोपलीय. ती येईल, तर तुझं काम होईल."

"बरं," चिटूक म्हणाली. "बहिणीला सांगते."

टुणूक टुणूक, टुणूक टुणूक. चिटूक गेली केळीकडे. पानामागे वाऱ्याची बहीण झोपली होती. दिसत नव्हती. पण होती.

"बाई बाई, ऊठ ना ग.
वारा काही येईना,
शेवगा काही हलेना,
खिडकी काही उघडेना,
बाळ काही थांबेना,
आत्या नाव ठेवेना,
काकू झाकण काढेना,
माझा हरभरा मिळेना."

"बाई?" पानामागून आवाज आला. "मी बाई नाही. दादा आला, की लोक म्हणतात वारा आला. मी आले, तरी म्हणतात वारा आला. मला माझं नाव आहे की नाही? नावाने हाक मारशील, तर मी येईन."

"काय ग नाव तुझं?"

"तूच ओळख. तुझ्या नावाशी जुळतं."

चिटूक खाली बसली. शेपूट डोक्यावर घेतलं आणि विचार केला. चिटूकशी काय जुळतं?

"पिटूक?"

"अंहं."

"टुणूक?"

"ती तुझी उडी."

"गुडूप?"

"ते झोपल्यावर. आणि जुळतंय कुठे?"

"डुबुक?"

"तो तुझा हरभरा."

आणि वाऱ्याच्या बहिणीला हसू आलं. ती हसली, तसं केळीचं पान हललं. झुळझुळ. झुळझुळ. चिटूकच्या मिशा हलल्या. पोटाला गार गार वाटलं.

"झुळझुळ करतेस तू," चिटूक म्हणाली. "झुळझुळ… झुळझुळ…"

मग ती उठून उभी राहिली. शेपूटही उभं राहिलं. आणि तिने मोठ्याने हाक मारली, "झुळूक."

"ओ," झुळूक म्हणाली.

आणि निघाली की लगेच. झुळझुळ, झुळझुळ. पुढे झुळूक, मागे चिटूक. टुणूक टुणूक, टुणूक टुणूक.

झुळूक आली, शेवगा हलला.
शेवगा हलला, खिडकी उघडली.
खिडकी उघडली, बाळ थांबलं.

बाळ थांबलं आणि आत्याची पंचाईत झाली.

आता सगळे आत्याच्या तोंडाकडे बघायला लागले. आई बघतेय. काकू बघतेय. शेजारणी बघतायत. खिडकीत बसून चिटूक बघतेय. आत्या वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "कुर्रर्रर्र…"

पुढे काही सुचेना.

"कुर्रर्रर्र…" आत्या परत म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला. नाकावर घाम आला. तेवढ्यात खिडकीतून झुळझुळ, झुळझुळ. कपाळ गार झालं. नाक गार झालं. आत्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ती बोलून गेली, "अहाहा, झुळूक."

बाळाच्या कानातच बोलून गेली.

"झुळूक," सगळ्या बायका म्हणाल्या. आणि आत्याच्या पाठीत धबाधब, धबाधब. कानात नाव सांगितलं, की आत्याला असे धपाटे मिळतात. हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"अगं थांबा," आत्या ओरडली. "मी वाऱ्याचं म्हणत होते."

"कानात सांगितलंस ना? मग झालं," आई म्हणाली. आईने हळूच म्हणून बघितलं, "झुळूक." बाळाने आईकडे बघितलं. आईला नाव फार आवडलं.

एक शेजारीण म्हणाली, "कधी ऐकलं नाही बाई असलं नाव. याचा अर्थ काय?"

आत्या पाठ चोळत उभी राहिली. म्हणाली, "अर्थ नसायला काय झालं? उकाड्याने जीव नकोसा होतो, तेव्हा हळूच येते. सगळ्यांना बरं वाटतं. झुळझुळ येते, म्हणून झुळूक. वाऱ्याची धाकटी बहीण ती. मी मुद्दामच ठेवलंय."

बघा. आत्या ती आत्याच.

आत्याने नाव ठेवलं, काकूने झाकण काढलं. भस्सकन वाफ आली. सगळ्यांना मूठ मूठ घुगऱ्या मिळाल्या. पोरं घुगऱ्या खात पाळण्याभोवती नाचायला लागली.

"झुळूक झुळूक,
टुणूक टुणूक.
उकडलं आम्हाला,
ये ना अचूक."

चिटूक खिडकीत बसून होती. "काकू, माझा हरभरा."

"एवढ्या घुगऱ्यांत तुझा कुठला ग?" काकूने विचारलं.

"माझा भिजला नव्हता," चिटूक म्हणाली. "मऊ आहेत ते तुमचे. टणक आहे तो माझा."

काकूने पातेल्यात हात घातला. एक दाबला. मऊ. दुसरा दाबला. मऊ. मऊ, मऊ, मऊ, मऊ. आणि तळाशी एक हरभरा दबेचना. टण्ण.

"हाच," चिटूक म्हणाली.

"बरं झालं बाई तू सांगितलंस," काकू म्हणाली. "कुणाचा तरी दात पडला असता." तिने तो हरभरा चिटूकच्या हातावर ठेवला. शेजारी एक मऊ हरभराही ठेवला. "हा बारशाचा."

चिटूकने मऊ हरभरा गट्ट केला. आपला हरभरा मात्र सावकाश खाल्ला. दोन्ही हातांत धरून. कुटूम कुटूम. कुटूम कुटूम. तो तिचाच होता, म्हणून जास्त गोड लागला.

मग बाळ मोठं झालं. रांगायला लागलं. अंगणात गेलं. उन्हं चढली, की आई दारातून हाक मारायची, "झुळूक, घरी ये."

"ओ," अंगणातून बाळ म्हणायचं.

"ओ," केळीच्या पानामागून कुणीतरी म्हणायचं.

आणि दोघी मिळून घरात यायच्या. पुढे झुळूक, मागे झुळूक.

हरभरा गेला पोटात, नाव राहिलं ओठांत. आता खिडकी उघडी ठेवू आणि आपण झोपू. गुडूप.