वैद्याच्या दुकानातले फुटाणे

राजा रणधवलाची दुखरी दाढ एका फुटाण्याने मोडली आणि तो फुटाणा आला होता वैद्याच्या दुकानातून!

राजाने सेवकाला औषधासाठी पिटाळले होते. "वैद्याच्या दुकानात जा, देतील ते आण," एवढीच आज्ञा. सेवक परगावचा. तो विचारत विचारत तिथे पोहोचला आणि मिळाले ते घेऊन आला. औषधाची गोळी समजून राजाने दुखऱ्या दाढेखालीच ते करकचून चावले. राजाची किंकाळी पागेपर्यंत ऐकू गेली!

याचे मूळ हेमपूरच्या एका जुन्या रीतीत होते. तिथे जागेला नाव पडे ते आधी बसून गेलेल्या माणसाचे. वैद्य आपली जागा सोडून पुढच्या गल्लीत गेला आणि त्याच्या जागी तुळसा भडभुंजिणीने भट्टी घातली; तिच्या लाह्याफुटाण्यांच्या दुकानाला लोक वैद्याचे दुकान म्हणत राहिले. खुद्द वैद्य भेटे तो 'सोनाराच्या ओसरी'वर. सोनार हवा असेल, तर 'तेल्याचा घाणा' विचारावा लागे. गावकऱ्यांची यात कधीच गफलत होत नसे, पाहुण्यांची मात्र नेहमी होई. राजवाडा उभा होता त्या जागी पूर्वी मेंढ्या बसत. त्याविषयी दरबारात कोणी बोलत नसे.

राजाने तुळसेला बोलावून घेतले. गाल सुजलेला, आवाज चढलेला. "आजच्या आज दुकानाचे नाव बदल! नाहीतर भट्टीवर पाणी ओततो!"

नवे नाव सुचवण्यासाठी पंडितांची सभा बसली. एकाने 'धान्यभांडार' म्हटले. दुसऱ्याने त्याला 'भर्जित', म्हणजे भाजलेले, जोडले. तिसऱ्याला ते त्रोटक वाटले. राजाचा उल्लेख नाही म्हणून चौथा हळहळला. अखेर प्रधानाने नाव वाचून दाखवले, "श्रीमद्रणधवलकृपाप्रसादितविविधभर्जितधान्यभांडार!"

"वा!" राजा म्हणाला. "काय गं, कसे आहे?"

"नाव झकास आहे, महाराज," तुळसा म्हणाली. "पण गिऱ्हाईक ते उच्चारेपर्यंत माझ्या लाह्या गार होतील!"

"उद्धट आहेस!"

"गरीब आहे, महाराज. गिऱ्हाईक चुकलं की माझी चूल थंडावते. त्यापेक्षा नव्या नावाची एकदा परीक्षा होऊ द्या. आपली मोडलेली दाढ काढल्यावर वैद्यबुवांनी काय खायला सांगितलंय?"

राजाचा चेहरा पडला. "साळीच्या लाह्यांचे पाणी. दुसरे काहीही नाही. सकाळपासून पोटात कण नाही!"

"मग गावात नवखा असलेला एखादा शिपाई धाडा. त्यानं नव्या नावानं विचारत जावं आणि माझ्या सुनेकडून लाह्या आणाव्यात. आणल्या, तर मी नवं नाव घेईन आणि जन्मभर मुदपाकखान्याला फुकट लाह्या पुरवीन. नाही आणल्या, तर जुनं नाव राहील. आणि तोवर इथं ज्याच्या तोंडून जुनं नाव निघेल, तो हरला!"

"मान्य! एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी आणि माझा सारा दरबार!" राजा हसायला गेला आणि गाल धरून बसला.

शिपाई नाव घोकत निघाला. वेळ जाऊ लागला. राजाचे पोट गुरगुरू लागले, तसे पंडित छताकडे पाहू लागले.

"अजून कसा आला नाही?"

"नाव लांब आहे, महाराज," तुळसा म्हणाली. "वाटेत दम खायला बसला असेल."

ऊन कलले तेव्हा घामाघूम झालेला शिपाई पाठीवर पोते घेऊन आला. राजा आसनावरून उठलाच. "आण! आण!"

पोते उघडले. आत भाजलेले हरभरे!

"महाराज, 'भांडार' ऐकून लोकांनी मला कोठारात पाठवलं," शिपाई म्हणाला. "कोठारवाले म्हणाले, अर्थ शास्त्रीबुवांना विचार. शास्त्रीबुवांनी समास सोडवून दाखवला, पण वाट त्यांनाही ठाऊक नव्हती. शेवटी पागेत भाजलेलं धान्य सापडलं."

"पुन्हा हरभरे!" राजाचा संयम संपला. "अरे गाढवा, सरळ वैद्याच्या दुकानात जाऊन लाह्या मागायला काय झाले होते?"

प्रधानाने डोळे मिटून घेतले.

तुळसेने ओच्यातून एक पुरचुंडी काढून राजासमोर ठेवली. साळीच्या पांढऱ्याशुभ्र लाह्या! "वैद्याच्या दुकानातल्याच आहेत, महाराज. भिजवून घ्या."

राजाला हार पचेना. तो शिपायावरच उखडला. "तिथे पोहोचता आले नाही, मग इथे परत बरा पोहोचलास!"

"तेही अवघडच होतं, महाराज. राजवाड्याच्या पाटीवरचं नाव घेऊन, 'रणधवलविजयप्रासाद' कुठे, म्हणून साऱ्या पेठेत विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. मग एका म्हातारीला खूण सांगितली. ती म्हणाली, 'मेंढवाडा म्हण की, बाबा!' आणि तिनं मला थेट दारात आणून सोडलं."

प्रधानाचे मिटलेले डोळे उघडलेच नाहीत. राजा सावकाश तुळसेकडे वळला. "तुला हे ठाऊक होते?"

"पेठेत कुणाला ठाऊक नाही, महाराज?" तुळसेने हात जोडले. "आता फक्त एवढंच सांगा, आधी कुठली पाटी बदलायची? माझी की आपली?"

राजा असा हसला, की दुखऱ्या गालाचेही त्याला भान उरले नाही! त्याच्या पाठोपाठ, जरा चाचपत, सारा दरबार हसला.

तुळसेला साडीचोळी मिळाली, भट्टीसाठी राजाच्या रानातले सरपण कायमचे मिळाले आणि राजमुद्रेची पाटी मिळाली: 'वैद्याचे दुकान'. तिच्याखाली राजाने स्वतः एक ओळ घालायला लावली: 'दाढ दुखत असल्यास पुढच्या गल्लीत जावे.'